एमिनंट, पण कशात?

साखरे सर लातूरला लिंगैक्य झाल्याची बातमी गेल्या श्रावणात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. संध्याकाळपर्यंत श्रद्धांजलीचे एकेचाळीस संदेश जमले. मला मोजायची सवय आहे. त्यांतल्या नऊ जणांनी सरांना ‘एमिनंट टीचर’ म्हटलं होतं, आणि त्या नवांतले सहा जण सरांकडेच इंग्रजी शिकलेले होते. सर हयात असते तर त्यांनी नऊही जणांना एकच शब्द उलट पाठवला असता. कशात?

मी नेकनूर रस्त्यावरच्या त्या शाळेत सव्वीस वर्षं कारकून आहे. शाळेला जोडून अकरावी-बारावी आहे, म्हणजे काम दुप्पट आणि कपाटं तेवढीच. माझ्या टेबलाच्या काचेखाली रोजची यादी असते. झालेलं काम खोडायचं, राहिलेलं दुसऱ्या दिवशीच्या यादीत उतरवायचं. सर त्या कागदाला ‘बाईंचं पंचांग’ म्हणत. मधल्या सुट्टीत येऊन ते यादी वाचत आणि एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारत, "हे तीन दिस झाले फिरतंय. कावून?" मला राग येई, आणि ते काम त्याच दिवशी होई.

मन्मथ साखरे हे त्यांचं पूर्ण नाव. नेकनूरच्या बाजारात त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. ते दुकान धाकट्या भावाकडे गेलं आणि सरांच्या वाट्याला दुकानातली एक सवय आली. कानावर पेन्सिल. वह्या तपासायलाही ते पेन्सिलच वापरत. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी त्याबद्दल हरकत घेतली, तेव्हा सर म्हणाले की पेन्सिलीनं दाखवलेली चूक पोराला सुधारून खोडता येते, लाल शाईची चूक वहीत जन्मभर राहते. साहेबांनी ते आपल्या अहवालात लिहिलं, पण तारीफ म्हणून की दोष म्हणून, ते मला वाचून कळलं नाही.

कपाळावर विभूती, पांढरा शर्ट, आणि एक जुनी मोपेड. चढ आला की सर खाली उतरत आणि तिला मुठीनं जोर देत देत तिच्या शेजारून चालत. त्यामुळे शाळेच्या चढावर मोपेड सरांना आणते आहे की सर मोपेडला, असा वाद पोरांत कायम चाले. बोलणं सगळं आमच्या इकडचं. वर्गात इंग्रजी मात्र स्वच्छ, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा ठेवलेला. चहाच्या पुड्याचं तपकिरी कव्हर घातलेला एक शब्दकोश पिशवीत असे.

त्या शब्दकोशातल्या एका शब्दाशी सरांचं काय नातं होतं, ते मला नीट सांगता येणार नाही. अकरावीच्या एका धड्यात तो शब्द एकदाच यायचा. ‘ॲन एमिनंट सायंटिस्ट’. दुसरे शिक्षक ‘थोर, नामवंत’ असा अर्थ सांगून पुढच्या ओळीवर जात. सर तिथे तीन तास थांबत. माझं कार्यालय त्यांच्या वर्गाला लागून, मधली भिंत अर्धवट पत्र्याची. त्यामुळे दर वर्षी ते तीन तास माझेही होत.

ते सांगत, "फेमस म्हणजे नाव माहीत हाय. काम माहीत असंलच असं न्हाई. प्रॉमिनंट म्हणजे डोळ्यात भरतंय ते. आपल्या गावातली पाण्याची टाकी प्रॉमिनंट हाय, मग तिच्यात पाणी असो नसो. एमिनंट म्हणजे कामानं उंच झालेला माणूस. आता ती उंची मोजायची कुणी? शेजाऱ्यानं न्हाई, जावयानं न्हाई. त्याच कामातल्या दुसऱ्या माणसानं."

मग गृहपाठ. प्रत्येकानं आपल्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरचा एक एमिनंट माणूस शोधून आणायचा. कशात एमिनंट, ते लिहायचं. खाली त्याच धंद्यातल्या दोघांची साक्ष. पोरं पहिल्या दिवशी आपले चुलते आणि मामा आणत. एकानं सोसायटीचे चेअरमन असलेले चुलते लिहून आणले. सरांनी विचारलं, त्यांच्याच कामातला साक्षीला कोण? पोरगं म्हणालं, मागचे चेअरमन आहेत, पण ते कोर्टात विरुद्ध बाजूला आहेत. सर म्हणाले, "मग त्यांनाच विचार. ते ‘हो’ म्हणले तर लगीच लिहून टाकू." हळूहळू खरी नावं येत. एका वर्षी एका मुलीनं बाज विणणारा एक म्हातारा शोधून आणला. दुसऱ्या विणणाऱ्याची साक्ष तिनं जशीच्या तशी लिहिली होती, की त्याचा स्वभाव वाईट आहे, पण त्याची बाज ढिली पडत नाही. सरांनी ते वाचून दाखवलं आणि संध्याकाळी मोपेड घेऊन ती बाज बघून आले.

हे वर्गापुरतं राहिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण शाळेचं इंग्रजीतलं सगळं लिखाण सरांकडेच होतं. स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत पाहुण्यांच्या नावामागे ‘एमिनंट’ लावून मसुदा आला की सर शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल काढून समासात लिहीत, "कशात?" मुख्याध्यापक वैतागत. पाहुणे उद्या येणार आणि तुम्ही आज विचारता कशात. सर शांतपणे म्हणत, "रिस्पेक्टेड लावा की. त्याला पुरावा लागत न्हाई." अशानं त्यांचं नावच ‘कशात सर’ पडलं. ते त्यांना माहीत होतं. एकदा फोनवर मी स्वतः ऐकलं, "हां, कशात सरच बोलतोय. बोला."

एकदा मुख्याध्यापकांनी त्यांच्यावर डाव उलटवला. सरांच्या गोपनीय अहवालात शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘ॲन एमिनंट टीचर ऑफ इंग्लिश’. प्रत सरांच्या हातात पडली. आठव्या दिवशी माझ्या आवक रजिस्टरला सरांचा अर्ज दाखल झाला. विषय : अहवालातील शेऱ्याबाबत हरकत. त्यात लिहिलं होतं की जिल्ह्यातल्या इंग्रजीच्या दुसऱ्या कोणत्याही शिक्षकाला याबाबत विचारल्याचं दिसत नाही, सबब शेरा ‘नियमित’ असा दुरुस्त करावा. वाईट शेऱ्याविरुद्धचे अर्ज मी ढिगानं पाहिलेत. चांगल्याविरुद्धचा हा एकच. तो कोणत्या फायलीत लावावा, हे मला ठरवता आलं नाही. शेवटी ‘इतर’ नावाची फाईल उघडली. अजून तिच्यात तो एकटाच आहे.

आता अश्विनीचं सांगते, कारण सर खरे कळले ते तेव्हा.

अश्विनीचे वडील नामदेवराव एसटीत कंडक्टर. मुलगी बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला फळझाडांचं शिक्षण घ्यायचं होतं, पदवीपर्यंत. पुण्याच्या एका संस्थेची शिष्यवृत्ती होती. गावाकडच्या मुलींचं शिक्षण आणि वसतिगृह, दोन्ही संस्था बघणार. त्याच महिन्यात कडा गावाहून एक स्थळ आलेलं. नामदेवराव माणूस सरळ. कार्यालयात उभं राहून त्यांनी मला सांगितलं, "बाई, शिष्यवृत्ती झाली तर पोरगी पुण्याला जाईल. न्हाई झाली तर दिवाळीनंतर लगीन. मला दुसरं काही झेपत न्हाई." अश्विनी मागे उभी होती. तिनं मान खाली घातली नाही, आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिली.

अर्ज इंग्रजीत होता. शेवटच्या पानावर अट होती की अर्जदाराचं काम स्वतः पाहिलेल्या दोन एमिनंट व्यक्तींची पत्रं जोडावीत.

इथे आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. पूर्वी जिल्हा परिषदेत होते, भागात वजन. ते दर जूनमध्ये वीस-पंचवीस लेटरहेडवर कोऱ्या सह्या करून माझ्याकडे पाठवत. पोरांना दाखले लागतात, प्रत्येकानं वाड्या-वस्त्यांवरून त्यांच्याकडे कशाला हेलपाटे घालायचे, असा त्यामागचा विचार. चांगलाच विचार होता. माझ्या कॉम्प्युटरवर ‘आबा-१’ नावाची फाईल होती. सदर विद्यार्थी माझ्या व्यक्तिशः परिचयाचा, कष्टाळू, सुस्वभावी वगैरे, इंग्रजीत. नाव बदलायचं, सहीच्या वरच्या जागेत छापायचं, शिक्का मारायचा. दोन मिनिटांचं काम. त्या फाईलची पहिलीच ओळ माझ्या आधीच्या कारकुनाच्या टंकलेखी नमुन्यातून जशीच्या तशी उतरवलेली होती, ‘मी, एमिनंट सोशल वर्कर’. जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांच्या कपाटात असा एखादा गठ्ठा असतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

माझ्या यादीत त्या दिवशी लिहिलेलं आहे : अश्विनी, दोन पत्रं, आबासाहेब एक, सभापती एक, उद्या पोस्ट.

सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "आबांनी पोरीचं काम बघितलंय?"

मी म्हटलं, सर, ही औपचारिकता आहे. सर म्हणाले, "छापणाऱ्यानं तो शब्द औपचारिकतेसाठी छापला असंल, तर त्याचं तो बघंल. आपण खरा धरू." मग त्यांनी अश्विनीला बोलावलं आणि विचारलं की तू काम काय करतेस आणि ते कुणी पाहिलंय. मुलगी म्हणाली, "गयाबाईनं."

गयाबाई कपिलधारच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वस्तीवर राहायची. अश्विनीच्या आजोळच्या शेजारी. सीताफळाची कलमं बांधायची. डोंगरात आपोआप उगवलेल्या हजार झाडांतून गोड, कमी बियांचं, उशिरा तडकणारं झाड ओळखायचं आणि त्याची काडी दुसऱ्या रोपावर चढवायची, हे तिचं काम. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अश्विनी चौथीपासून प्रत्येक सुट्टीत तिच्याकडे.

सरांनी आधी साक्षी गोळा केल्या. बीड रस्त्यावरच्या एका रोपवाटिकावाल्याला विचारलं. तो चिडून म्हणाला की त्या बाईनं माझं निम्मं गिऱ्हाईक तोडलं. सरांनी ती तक्रार साक्ष म्हणून लिहून घेतली. दुसरा साक्षीदार सीताफळाचा व्यापारी. त्यानं सांगितलं, तिच्या झाडाची पाटी असली की तो वरचा थर उचलून खाली बघत नाही. मग एका सोमवारी सर आणि नामदेवराव मोपेडवरून डोंगरात गेले. चढावर दोघंही उतरले असणार.

परत आल्यावर सरांनी मला ती भेट जशी सांगितली तशी लिहिते. गयाबाई झाडाखाली बसलेली, दातात पट्टी, हातात पातं. सरांनी अश्विनीबद्दल विचारलं. मुलीचा बाप बरोबर, पांढऱ्या शर्टातला अनोळखी माणूस विचारपूस करतोय. बाईनं तोंडातली पट्टी काढली आणि सुरू केलं की पोरगी लई गुणाची, आवाज चढवत न्हाई, भाकरी पातळ थापती. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "मावशी, मी स्थळाकडून आलो न्हाई. कलमाचं विचारतोय."

गयाबाई म्हणाली, "मंग आधी सांगायचं न्हाई का, मास्तर. मंग खरं सांगते."

ते खरं सरांनी पेन्सिलीनं मराठीत उतरवलं, तिला वाचून दाखवलं, आणि खाली शब्दाला शब्द इंग्रजी केलं. औंदा पोरीनं दहा कलमं बांधली. चार मेली. हात चांगला आहे पण घाई फार, पट्टी जास्त आवळते. माझी पहिल्या साली दहाच्या दहा मेली होती. पोरगी मेलेल्या कलमाची पट्टी सोडून आत बघते, का मेलं ते. बाकीच्या पोरी फेकून देतात. खाली अंगठा. अंगठ्याखाली सरांच्या अक्षरात इंग्रजीत : गयाबाई, एमिनंट इन द ग्राफ्टिंग ऑफ कस्टर्ड ॲपल्स. आणि दोन्ही साक्षी.

मी वाचलं आणि म्हटलं, सर, शिफारसपत्रात ‘चार मेली’ कोण लिहितं? सर म्हणाले, "ज्यानं मोजली तो."

दुसऱ्या पत्राला माणूस मिळेना. मी सुचवलं की तुम्हीच द्या. सर म्हणाले, मी तिचं इंग्रजी पाहिलंय, झाडं पाहिली नाहीत, आणि इंग्रजीत मी कोण हे त्या हरकतीच्या अर्जात लिहिलेलं आहे. मुदतीचा आदला दिवस उजाडला. सरांनी एका चिठ्ठीवर लिहिलं की आमच्या माहितीत अशी एकच व्यक्ती आहे, म्हणून एकच पत्र जोडत आहोत. ती पाकिटात घातली आणि पाकीट माझ्याकडे दिलं.

थोड्या वेळानं नामदेवराव आले, अर्धी ड्यूटी सोडून. दोन मागितली असताना एकच पत्र जातंय, हे त्यांना कळलं होतं. ते सरांना काही बोलले नाहीत. माझ्या टेबलासमोर बसले आणि म्हणाले, "बाई, सरांचं बराबर असंल. पर पोरगी माझी हाय."

मी कपाट उघडलं. दोन मिनिटांचं काम. सरांची चिठ्ठी काढली, आबासाहेबांचं पत्र घातलं, पाकीट चिकटवलं, जावक रजिस्टरला नोंद केली आणि यादीतली ओळ खोडली. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

पंधरा दिवसांनी पुण्याहून सरांना फोन आला. संस्थेच्या बाई होत्या. त्यांनी लेटरहेडवरच्या नंबरला फोन केला होता. आबासाहेबांनी विचारलं होतं, कोण अश्विनी? बाईंचं म्हणणं साधं होतं. हेच पत्र, हीच वाक्यं, तुमच्या भागातून त्यांच्याकडे दर वर्षी येतात. सही करणाऱ्याला मुलगी माहीत नाही. एक पत्र असं असेल तर दुसरं, ते अंगठ्याचं, खरं कशावरून? सोमवारी समिती बसणार होती. तोवर खुलासा आला नाही तर अर्ज बाजूला.

सर माझ्या टेबलाशी आले. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ते बोलतील, ओरडतील. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बाई, आपण गयाबाईला खोटं पाडलं." आपण म्हणाले. त्या शब्दानं मला जे झालं ते ओरडण्यानं झालं नसतं. मग त्यांनी पिशवी उचलली. "चला. आबांकडं जायचं."

आबासाहेब ओसरीवर बसले होते, चार-सहा माणसं भोवती. सरांनी नमस्कार केला आणि म्हणाले की तुमचं एक पत्र चुकून गेलंय, ते परत घ्या. भोवतीची माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, मास्तर, लोक आबांचं पत्र मिळावं म्हणून येतात. आबासाहेब हसले नाहीत. म्हणाले, "म्हंजी माझ्या सहीला किंमत न्हाई म्हणता?"

"हाय म्हणूनच आलो. त्या पत्रात लिहिलंय तुमी एमिनंट हायत. आबा, तुमी कशात?"

मी फाईल छातीशी धरून उभी होते. सरांनी हा प्रश्न तीस वर्षांत पुष्कळांबद्दल विचारला होता, पण ज्याच्याबद्दल विचारायचा त्याला समोरासमोर, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. शिवाय विचारताना त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आबासाहेबांना ते कळलं असावं. त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "बैल पारखण्यात."

"कोण म्हणतंय?"

"दलाल म्हणायचे की. बाजारात मी दावणीला उभा राहिलो की दलाल भाव सांगायचे थांबायचे. परळीपासून माणसं न्यायला यायची मला. इलेक्शनच्या आधीचं हाय हे सगळं."

"मग बैलाचा अर्ज असता," सर म्हणाले, "तर तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं पत्र आणलं नसतं."

आबासाहेबांनी पायात चपला घातल्या, उठून अंगणात गेले आणि तिथून पुण्याला फोन लावला. आम्हाला ऐकू येत होतं. ते म्हणाले की पोरगी मला माहीत नाही, सही कोरी होती, चूक माझी. शाळेचा त्यात काही दोष नाही. गयाबाई मात्र मला माहीत आहे, माझ्या बांधावरची झाडं तिनंच बांधली आहेत, एक वाकडं नाही. तिनं चार मेली म्हटलं असेल तर चारच मेली असतील.

पुण्याच्या बाईंनी मग अश्विनीच्या मामाच्या मोबाइलवर गयाबाईला गाठलं. काय बोलणं झालं ते मामानं नंतर सांगितलं. गयाबाईनं चारच्या चार मेलेली कलमं कोणत्या बांधावरची, ते सांगितलं, आणि वर विचारलं की तुमच्या कॉलेजात पट्टी कशाची वापरतात.

निकाल आषाढात आला. दुसऱ्या पत्राचं समितीनं काय केलं ते कागदावर कुठेच नव्हतं. अश्विनीची निवड झाली होती. नामदेवरावांनी ते पत्र आपल्या तिकिटांच्या मशीनच्या बॅगेत घालून आठवडाभर बसमधून फिरवलं. कड्याच्या पाहुण्यांना काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. सर वर्गात होते. मी भिंतीवरून ओरडून सांगितलं. पलीकडे सरांनी चालू ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि धडा पुढे सुरू झाला.

माझ्या कामात मात्र कायमची भर पडली. आबासाहेबांचा माणूस आला आणि सह्यांचा गठ्ठा परत घेऊन गेला. मी मोजून दिला, सोळा. पुढे निरोप आला की ज्याला पत्र पाहिजे त्या पोराला गुरुवारी ओसरीवर पाठवा, मी विचारीन आणि मग लिहीन. तेव्हापासून दर गुरुवारी मी पोरांच्या नावांची यादी करून पाठवते. पूर्वी दोन मिनिटांत होणारं काम आता आठवडा घेतं. आबासाहेबांची पत्रं आता वेगवेगळी असतात. कुणाबद्दल चार ओळी, कुणाबद्दल दीड. ‘आबा-१’ मी काढून टाकलेली नाही, पण तिच्यावर हात गेलेला नाही.

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले आणि मुलीकडे लातूरला निघाले. रिकामं बसवणार नाही म्हणून तिथल्या एका शाळेत तासिकेवर शिकवायचं ठरवलं होतं. त्या शाळेला आधीच्या संस्थेच्या अध्यक्षांचं पत्र हवं होतं. हे मला त्यांनी सांगितलंच नाही.

मी एका गुरुवारी सह्यांच्या फायली घेऊन आबासाहेबांकडे गेले. ओसरीच्या लांब बाकावर पोरं बसली होती, हातात गुणपत्रिका, आणि त्यांच्या मध्ये साखरे सर, मांडीवर पिशवी. मी म्हटलं, सर, मला सांगायचं, मी टाइप करून सही आणली असती, आबासाहेब काय तुम्हाला ओळखत नाहीत का?

"बैल पारखणारा माणूस हाय तो, बाई. मी शिकवतो कसा ते त्यांनी कुठं बघितलंय? तीस वर्षं आमचा नुसता नमस्कार हाय."

आतून आबासाहेबांचा माणूस आला आणि सरांना म्हणाला, चला आत, तुम्ही कशाला बाहेर. सरांनी आपल्या पुढे बसलेल्या मुलीकडे बोट दाखवलं. तिचा नंबर होता. मुलगी उठून आत गेली. आबासाहेबांचा आवाज आला, बस पोरी, काय काय करतीस ते सांग.

सर मागच्या पोराकडे वळले. "तू काय सांगणार हायस?"

पोरगं म्हणालं, "अजून ठरलं न्हाई, सर."

"माझंबी न्हाई," सर म्हणाले, आणि बाकावर एक जागा पुढे सरकले.